बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वी

खमरियातील रहिवाशांना पाण्याचे अप्रूप नाही. ग्वारीघाटावरची नर्मदा, भेडाघाटचा धुवांधार आणि घराजवळची परियट नदी यांच्या सोबतीनेच येथील पिढ्या वाढल्या. समुद्र मात्र आपल्यापासून दूर आहे. त्याचे दर्शन घ्यावयाचे तर रेल्वेने सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून मुंबई गाठावी लागते. म्हणूनच की काय, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत ‘एकदा तरी समुद्राच्या मधोमध, एखाद्या बेटावर राहून यावे’ अशी इच्छा जपलेली आढळते. पूर्वी ती बोलण्यापुरतीच राहत असे. अलीकडे मुलेमुली मिळवती झाली, मुंबईहून मालदीवला जाणे सोपे झाले आणि ही इच्छा प्रत्यक्षात येऊ लागली.

प्रस्तुत लेखिकेचे थोरले दीर आणि जाऊबाई गेल्या काही वर्षांत अशाच एका सहलीला जाऊन आले. चार रात्रींचे भाडे त्यांनी आगाऊ भरले होते. विमान मालेला उतरले तेव्हा सायंकाळचे साडेचार वाजले होते. सामान घेऊन ते बाहेर आले, तोवर त्यांच्या बेटाकडे जाणारे दिवसातील शेवटचे सी-प्लेन निघून गेले होते. पाण्यावर उतरणारी ही लहान विमाने अंधारात उडत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. ती रात्र विमानतळाजवळच्या एका हॉटेलात पदरमोड करून काढावी लागली आणि बेटावरील एका रात्रीचे भाडे वाया गेले. दुसऱ्या दिवशी वजनमर्यादेमुळे त्यांची मोठी बॅग नंतरच्या फेरीने पाठविण्यात आली. जाऊबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या त्याच बॅगेत होत्या. बॅग हाती येईपर्यंत संध्याकाळ झाली. “अगं, समोर एवढा निळा समुद्र, पण माझे डोळे सारखे धक्क्याकडेच लागलेले,” असे त्यांनी परतल्यावर सांगितले.

यात कोणी फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. दोन प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत, इतकेच. खासगी बेटावरील वास्तव्याचे वैशिष्ट्य असे की तेथे दुसरे दुकान नसते, दुसरा डॉक्टर नसतो, दुसरे हॉटेल नसते आणि मनात आले म्हणून बाहेर पडता येत नाही. गावात चूक झाली तर ती कोपऱ्यावर दुरुस्त करता येते. बेटावर तशी सोय नाही. म्हणून निवड करण्याचे सारे काम घरी बसूनच उरकावे लागते. ते कसे करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

एक बेट, एक हॉटेल

मालदीव हा सुमारे १,१९२ लहान प्रवाळबेटांचा देश. ही बेटे कंकणाकृती समूहांत विखुरलेली आहेत. तेथील पहिले पर्यटक-निवासस्थान कुरुंबा हे १९७२ साली सुरू झाले. एका बेटावर एकच हॉटेल असावे, अशी पद्धत पुढे रूढ झाली. बेट संपूर्णपणे त्या हॉटेलच्या ताब्यात असते. वीजनिर्मिती, पाण्याचे शुद्धीकरण, भोजन, नौका, दवाखाना ही सर्व व्यवस्था तेच पाहते. एकांत मिळतो तो यामुळेच, आणि प्रत्येक गोष्टीची किंमत तेथील व्यवस्थापनच ठरविते तेही यामुळेच.

स्थानिक लोकवस्तीच्या बेटांवर २००९ पासून अतिथिगृहांना परवानगी मिळाली. ती बरीच स्वस्त असतात. मात्र हा इस्लामी देश असल्याने वस्तीच्या बेटांवर मद्य मिळत नाही, पोहण्याचा पोशाख ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतो आणि गावात फिरताना अंगभर कपडे घालावे लागतात. ज्यांना शाकाहारी भोजन आणि समुद्रदर्शन एवढेच हवे, त्यांनी या पर्यायाचाही अवश्य विचार करावा. काही दिवस अतिथिगृहात आणि शेवटच्या दोन रात्री खासगी बेटावर, अशी विभागणी केल्यास खर्च आटोक्यात राहतो.

पत्रकातील भाडे आणि हाती येणारे बिल

जाहिरातीत दिलेल्या भाड्यापुढे अधिकची दोन चिन्हे आढळली तर सावध व्हावे. सेवाशुल्क आणि कर वेगळे आकारले जातील, असा त्यांचा अर्थ होतो. एक उदाहरण पाहू. दोघांच्या खोलीचे भाडे एका रात्रीस ३०० डॉलर आहे असे समजा. त्यावर १० टक्के सेवाशुल्क धरले की ३३० डॉलर होतात. या रकमेवर पर्यटन वस्तू व सेवा कर लागतो. त्याचा दर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला. म्हणजे रक्कम ३८६ डॉलर १० सेंटवर जाते. शिवाय हरित कर आहे. १ जानेवारी २०२५ पासून खासगी बेटांवर तो दर माणशी, दर रात्रीस १२ डॉलर इतका आकारला जाऊ लागला. दोघांचे २४ डॉलर मिळविले की एका रात्रीचा खर्च ४१० डॉलर १० सेंट होतो. चार रात्रींना जेथे १,२०० डॉलर लागतील असे वाटले होते, तेथे प्रत्यक्षात १,६४० डॉलर लागतात. ही वाढ एकतृतीयांशाहून अधिक आहे.

याखेरीज विमानतळापासून बेटापर्यंतचे भाडे निराळे. जवळच्या बेटांना वेगवान नौका जाते. दूरच्या बेटांना सी-प्लेन, किंवा देशांतर्गत विमान व पुढे नौका. सी-प्लेनचे येण्याजाण्याचे भाडे अनेक ठिकाणी माणशी ४०० ते ६०० डॉलरच्या घरात असते. स्वस्त वाटणारे दूरचे बेट आणि महाग वाटणारे जवळचे बेट यांची तुलना हा खर्च धरूनच करावी. पुष्कळदा दोन्हींचा हिशेब जुळतो आणि जवळच्या बेटामुळे वेळ वाचतो तो वेगळाच.

भोजनाच्या योजनेचाही बारकाईने विचार करावा. केवळ न्याहारी असलेली खोली स्वस्त दिसते. परंतु दुपारी व रात्री जेवण्यासाठी तेथल्याच उपाहारगृहात जावे लागते आणि तेथील दर शहरातल्या पंचतारांकित हॉटेलासारखे असतात. ‘हाफ बोर्ड’मध्ये न्याहारी व रात्रीचे जेवण, तर ‘फुल बोर्ड’मध्ये तिन्ही वेळचे जेवण येते. या दोन्हींत पिण्याचे पाणी, चहा व सरबते धरली आहेत की नाहीत, हे लेखी विचारून घ्यावे. मद्यपान न करणाऱ्या कुटुंबास ‘सर्वसमाविष्ट’ योजनेपेक्षा ‘फुल बोर्ड’ बहुधा परवडते.

आरक्षणापूर्वी हॉटेलास एकच पत्र पाठवावे. सर्व कर, प्रवास व भोजन धरून एकूण रक्कम किती, ती परत मिळण्याची अंतिम तारीख कोणती आणि विमान चुकल्यास काय होईल, हे त्यात विचारावे. आलेले उत्तर छापून सोबत बाळगावे.

वेळेचे गणित

सी-प्लेनने जावयाचे असल्यास मालेला दुपारी साडेतीनच्या आत पोहोचणारे विमान निवडावे. परतीच्या वेळीही हाच नियम. सकाळी लवकर किंवा मध्यरात्री सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी आदली रात्र विमानतळाजवळ काढावी लागू शकते. सी-प्लेनची नेमकी वेळ बहुधा आदल्या सायंकाळीच कळविली जाते. सामानाची मर्यादा साधारणतः २० किलो व हातातील सामान ५ किलो अशी असते. त्यापुढे किलोमागे शुल्क पडते.

जबलपूरहून मालेला थेट विमान नाही. डुमना विमानतळावरून अथवा रेल्वेने मुंबई गाठून पुढे जावे लागते. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या व विमाने रेंगाळतात. म्हणून त्या दिवसांत मुंबईत एक रात्र हाताशी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

घड्याळाचीही एक गंमत आहे. मालदीवची वेळ भारताच्या अर्धा तास मागे असते. परंतु सायंकाळचा उजेड अधिक काळ मिळावा म्हणून काही हॉटेले आपल्या बेटावरील घड्याळे तासभर पुढे ठेवतात. परतीच्या नौकेची वेळ सांगितली जाईल तेव्हा ती कोणत्या घड्याळाप्रमाणे, हे विचारून घ्यावे.

हवामानाच्या दृष्टीने डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा व शांत समुद्राचा काळ. मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात. तेव्हा भाडे उतरते, पण पाऊस व लाटांची तयारी ठेवावी लागते. मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा मे महिना या दुसऱ्या काळात मोडतो, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

कागदपत्रे व पैसा

भारतीय नागरिकांना मालदीवमध्ये पोहोचल्यावर निःशुल्क प्रवेशपरवाना मिळतो. मात्र परतीचे तिकीट व निवासाचे आरक्षण दाखवावे लागते. पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी. प्रवासापूर्वी ९६ तासांच्या आत ‘इमुगा’ नावाच्या शासकीय संकेतस्थळावर माहितीपत्रक भरावे लागते. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही, त्यामुळे पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे.

खमरिया आयुध निर्माणी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आली. येथील सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांनी खासगी परदेश प्रवासापूर्वी कार्यालयीन परवानगीची पूर्तता आधी करून घ्यावी. रजा प्रवास सवलत परदेशासाठी लागू होत नाही, याचेही स्मरण असावे.

परकीय चलनाच्या रोख नोटा एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंत घेता येतात. भारतीय रुपये २५,००० पर्यंत सोबत नेता येतात, परंतु बेटावर त्यांचा उपयोग होत नाही. खासगी बेटावर बहुतेक व्यवहार डॉलरमध्ये व खोलीच्या खात्यावर होतात. त्यामुळे फार रोकड बाळगण्याचे कारण नाही. लहान मूल्याच्या काही नोटा मात्र असाव्यात.

कार्डाविषयी तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, २०२० मधील रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो आणि मर्यादाही ठरवावी लागते. हे काम निघण्यापूर्वी करावे, कारण रोमिंग नसल्यास सांकेतिक क्रमांक भ्रमणध्वनीवर येणार नाही. दुसरी, बिल देताना ‘रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये’ असे विचारले गेल्यास डॉलर निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा भासतो, पण त्यातील विनिमयदर बहुधा महाग पडतो. तिसरी, हॉटेल आगमनाच्या वेळी अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर राखून ठेवते. ती मोकळी होण्यास काही दिवस लागतात, म्हणून मर्यादा पुरेशी असावी.

परदेश सहलीचे पॅकेज घेताना टीसीएस नावाने ओळखला जाणारा कर वसूल केला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पानुसार बदलत असतात, तेव्हा चालू दर विचारून घ्यावा. हा पैसा बुडत नाही. आयकर विवरणपत्र भरताना त्याचे समायोजन होते किंवा परतावा मिळतो. पॅन क्रमांक बरोबर नोंदविला आहे ना, आणि पावती जपून ठेवली आहे ना, एवढे पाहावे.

एक विनंती निवृत्तांना. ग्रॅच्युइटी वा भविष्यनिर्वाह निधीची ठेव मुदतीपूर्वी मोडून अशी सहल करू नये. दोन वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडून रक्कम साठवावी. तोवर बेटाची माहिती काढण्यासही सवड मिळते.

प्रकृती व विमा

रोजची औषधे नेहमी हातातील पिशवीत असावीत. जाऊबाईंचा अनुभव वर आलाच आहे. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक पुरतील इतकी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

बेटावर डॉक्टर राहतो की केवळ परिचारिका, हे आरक्षणापूर्वी विचारावे. मोठ्या उपचारांसाठी रुग्णास मालेला आणावे लागते. तेथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय भारताच्या साहाय्याने उभे राहिले. परंतु रात्री सी-प्लेन उडत नाही, हे येथेही आडवे येते. हृदयविकार वा दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांसह जाणाऱ्यांनी, नौकेने रात्रीही मालेला पोहोचता येईल असेच जवळचे बेट निवडावे. भाड्याच्या दृष्टीने ते थोडे महाग पडले तरी हरकत नाही.

प्रवासविमा घेताना पॉलिसीत तीन बाबी शोधाव्यात: रुग्णास हलविण्याचा खर्च, पूर्वीपासूनच्या आजाराचा समावेश आणि पाण्यातील खेळांमध्ये झालेल्या इजेची भरपाई. आपला आजार लपवू नये. लपविलेल्या आजारामुळे दावा नाकारला जातो.

पाण्याशी वागणे

नदीकाठी वाढलेल्यांना पाण्याची भीती वाटत नाही आणि धोका नेमका तेथेच असतो. परियटमध्ये मगरी असल्याने आपण तेथे उतरत नाही. धुवांधाराजवळचा प्रवाह डोळ्यांना दिसतो. बेटाभोवतीचे पाणी मात्र काचेसारखे शांत भासते. प्रवाळभिंतीच्या आत ते उथळ असते. भिंतीला जेथे खिंड असते तेथून भरती-ओहोटीचे पाणी जोराने आत-बाहेर वाहते आणि पोहणाऱ्यास नकळत खोल समुद्राकडे नेते. म्हणून पहिल्याच दिवशी जलक्रीडा केंद्रात जाऊन पाण्यात कोठून उतरावे, कोठून बाहेर यावे आणि ओहोटी केव्हा आहे, ही माहिती घ्यावी.

प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, त्यात शक्ती संपते. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे, हात उंचावून मदत मागावी. लाल निशाण असेल तर उतरू नये. एकट्याने स्नॉर्केलिंग करू नये. पोहता न येणाऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातही जीवरक्षक जाकीट घालावे, त्यात लाज कसली? पाण्यावर बांधलेल्या खोल्या देखण्या असतात, पण अनेकींच्या सज्जाला कठडा नसतो आणि खाली थेट समुद्र असतो. लहान मुले बरोबर असतील तर किनाऱ्यावरील खोलीच घ्यावी.

ज्यांना स्कूबा डायव्हिंग करावयाचे आहे त्यांनी शेवटची बुडी आणि विमानप्रवास यांत किमान १८ ते २४ तासांचे अंतर ठेवावे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो व तो जिवावर बेतू शकतो. सी-प्लेनलाही हा नियम लागू आहे.

माले विषुववृत्ताच्या उत्तरेस केवळ चार अंशांवर आहे. ढगाळ दिवशीही तेथे त्वचा भाजते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा सर्वांत उत्तम. मलम लावावयाचे तर ऑक्सिबेन्झोन नसलेले निवडावे, कारण हे रसायन प्रवाळास घातक आहे. प्रवाळावर पाय देऊ नये. त्याने पाय कापतो आणि अनेक वर्षांत वाढलेला सजीव मरतो.

आहार व आचार

शाकाहारी असल्याचे किमान आठवडाभर आधी कळवावे. मालदीवच्या स्वयंपाकात वाळविलेल्या माशाचा चुरा भाज्या-चटण्यांतही पडतो, म्हणून ‘मासा व अंडेही नको’ असे स्पष्ट लिहावे.

मद्य, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि पूजेच्या मूर्ती या देशात नेण्यास मनाई आहे. प्रवासात गणपतीची लहान मूर्ती पर्समध्ये ठेवण्याची आपल्याकडे अनेकांना सवय असते. ती या वेळी देवघरातच राहू द्यावी. परतताना शंख, शिंपले, प्रवाळ आणू नयेत, त्यांच्या निर्यातीस बंदी आहे.

स्वदेशातील बेटे

पारपत्राशिवाय हा अनुभव घ्यावयाचा असेल तर आपल्या देशातही स्थळे आहेत. लक्षद्वीपमधील बंगाराम हे वस्ती नसलेले बेट पर्यटकांसाठी खुले आहे. तेथे जाण्यासाठी प्रवेशपरवाना आधी मिळवावा लागतो आणि अगत्तीमार्गे जावे लागते. अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, श्रीविजयपुरमहून नौकेने गाठता येते. समुद्र खवळल्यास नौका रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीविजयपुरमला ठेवावी. ती रात्र सेल्युलर जेलच्या दर्शनाने सार्थकी लागते. काही किनाऱ्यांवर मगरींविषयी सूचनाफलक आहेत, ते परियटकाठच्या माणसाने तरी दुर्लक्षू नयेत.

आणि अगदी घराजवळ म्हणाल तर शहडोल जिल्ह्यात, शोण नदीवरील बाणसागर जलाशयात, सरसी बेटावर मध्य प्रदेश पर्यटनाचे निवासस्थान डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. पाणी गोडे असले तरी नौकेने येणे-जाणे, एकच उपाहारगृह आणि रात्रीची निःशब्द शांतता हे सर्व तेथे आहे. दोन दिवस अशा जागी राहून पाहावे. ज्यांना तेथे कंटाळा येईल, त्यांनी समुद्रातील बेटासाठी लाखो रुपये खर्चण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

आमचे दीर आणि जाऊबाई येत्या वर्षी पुन्हा निघणार आहेत. या खेपेस त्यांनी नौकेने जाता येईल असे बेट निवडले आहे, दुपारी पोहोचणारे विमान घेतले आहे आणि गोळ्यांचा डबा जाऊबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत राहणार आहे. आपणही असा बेत करीत असाल तर परकीय चलन, कार्डाची मर्यादा व विमा यांविषयी निघण्यापूर्वी किमान एक महिना आधी आपल्या शाखेत चौकशी करावी. आपला प्रवास सुखाचा होवो.